पाण्यातले भय आणि पाण्यातली मर्यादा

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, अशी एक म्हण आपल्याकडे प्रचारात आहे. ती आपण वापरतो ती बहुधा गावच्या राजकारणात किंवा घरच्या भाऊबंदकीत. तिच्यातले पाणी खरे पाणी होते आणि मासाही खरा मासा होता, याचे स्मरण आता थोड्यांनाच उरले असेल. ते स्मरण जागे करावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

डिचोली महालातील नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराचे दर्शन घेऊन नदीकाठी यावे, म्हणजे समोर दिवाडी बेट दिसते. कदंब राजांचा हा कुलदेव. सोळाव्या शतकात मूळचे देवालय उद्ध्वस्त झाल्यावर तो हेच पाणी ओलांडून इकडे आला, आणि शके १५९० च्या कार्तिकात, म्हणजे इ. स. १६६८ मध्ये, श्रीशिवछत्रपतींनी त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला, असे तेथील शिलालेख सांगतो. नार्व्याचे हे पाणी तीर्थाचे खरे, परंतु ते केवळ नदीचे नाही. भरतीच्या वेळी येथे दर्या येऊन पोहोचतो. पेडण्याची गोष्ट याहून वेगळी नाही. उत्तरेस तेरेखोल, दक्षिणेस शापोरा आणि पश्चिमेस साक्षात अरबी समुद्र अशा तिन्ही अंगांनी तो महाल पाण्याने वेढलेला आहे. आपली स्नाने, आपले गणेशविसर्जन, आपली मासेमारी ही सारी अशा मिश्र पाण्याच्या काठी चालत आली आहेत.

अशा पाण्यात काय असू शकते, याची आठवण फेब्रुवारी २०२४ मध्ये एका घटनेने करून दिली. पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणा नदीच्या पात्रात उतरलेल्या एका तरुणाच्या पायाचा लचका शार्क माशाने तोडला. ही घटना समुद्रात घडलेली नाही. ती किनाऱ्यापासून बरीच आत, नदीत घडली. ज्याने त्याने आश्चर्य व्यक्त केले. पण जुन्या दर्यावर्दी माणसाला त्यात आश्चर्य वाटले नसते.

शार्क म्हणजे आपली मोरी. मालवण-रत्नागिरीकडे तिला मुशी म्हणतात. पोर्तुगीज तिला तुबारांव म्हणत. आपल्या घरांतून मोरीची ओळख आहे ती ताटातली. मोरीचे आंबट-तीक कोणास ठाऊक नाही? बाळंतिणीला दूध यावे म्हणून तिला लहान मोरी खाऊ घालण्याचा रिवाजही किनाऱ्यावर आहे. हातभर लांबीच्या या मोरीचे थोरले भाऊबंद पुरुषभर उंचीहून मोठे असतात आणि त्यांच्यापुढे माणूस हेच भक्ष्य ठरू शकते, ही गोष्ट मात्र स्वयंपाकघरात सुचत नाही.

आपल्या पुराणांना या भयाची जाण होती. भागवताच्या अष्टम स्कंधातील गजेंद्रमोक्षाची कथा लहानपणापासून आपण कीर्तनांत ऐकतो. त्रिकूट पर्वतावरील सरोवरात क्रीडा करण्यास उतरलेल्या गजराजाचा पाय ग्राहाने धरला. सोबतच्या हत्तींनी त्याला ओढून काढण्याचा यत्न केला, तो फुकट गेला. झुंज हजार वर्षे चालली आणि त्या काळात हत्तीचे बळ घटत गेले, तर ग्राहाचे वाढत गेले. कथेचा भक्तिरस आहे तसाच राहू द्या. मला येथे दाखवायचे आहे ते कथाकाराचे निरीक्षण. जमिनीवर ज्याच्यापुढे सिंह थरथरतो, त्या प्राण्याचे सामर्थ्य पाण्यात कामास येत नाही, कारण पाणी हे दुसऱ्याचे घर आहे. तेथे जो वेळ जातो तो घरच्या धन्याच्या पक्षाचा असतो. आत्मरक्षणाचा पहिला धडा या कथेत असा सांगितलेला आहे: पाण्यात झुंज लांबवू नये, कसेही करून काठ गाठावा.

पुराणातून इतिहासात यावे. यान हायगेन व्हान लिन्सखोटेन नावाचा डच तरुण १५८३ पासून सुमारे पाच वर्षे गोव्यात होता. येथील आर्चबिशपच्या पदरी तो कारकुनीचे काम करी. १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात या किनाऱ्यावरच्या समुद्रांतील आणि नद्यांतील शार्क माशांचे वर्णन आहे, आणि कोची येथील एक प्रसंगही आहे. पोर्तुगालला निघालेले जहाज नदीत उभे होते. दुरुस्त केलेले सुकाणू बसविण्यासाठी एका खलाशास कमरेला दोर बांधून अर्धा पाण्यात सोडले होते. तोच एका शार्कने त्याचा पाय मांडीच्या मध्यापर्यंत तोडून नेला. जहाजाच्या तांडेलाने वल्ह्याने प्रहार केला, तो व्यर्थ गेला. जखम चाचपण्यासाठी त्या अभाग्याने हात खाली नेला, तर माशाने पुन्हा येऊन तो हातही कोपराच्या वर तोडला.

हा प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो, पण इतिहासाच्या वाचकाने दोन गोष्टी टिपून घ्याव्यात. एक, ही घटनाही नदीतलीच आहे; म्हणजे वैतरणेच्या घटनेला चारशे वर्षांहून जुना दाखला याच किनाऱ्यावर आहे. दुसरी, शार्क एकदा चावून निघून जाते असे गृहीत धरता येत नाही, ती परतते. पहिल्या आघातानंतरचे काही क्षण जखम पाहण्याचे नसतात. ते पाण्याबाहेर पडण्याचे असतात.

आता दक्षिणेकडे मन्नारच्या आखाताकडे वळू. तेथे मोत्यांसाठी शेकडो पाणबुडे समुद्रतळाशी जात. या लोकांचे मोरीपासून रक्षण कसे होई? तेराव्या शतकाच्या अखेरीस त्या किनाऱ्यावर आलेला मार्को पोलो लिहितो की, मोठ्या माशांना मंत्राने बांधून ठेवणारे ब्राह्मण तेथे असत आणि मिळालेल्या मोत्यांचा विसावा हिस्सा त्यांना द्यावा लागे. पुढे इंग्रजी अमलातही ही प्रथा चालू राहिली. अशा मांत्रिकास तमिळमध्ये कडल-कट्टी, म्हणजे समुद्र बांधणारा, असे म्हणत. त्याच्यावाचून पाणबुडे पाण्यात उतरत नसत, म्हणून इंग्रज सरकारही त्याला मेहनताना देई.

सुधारक वाचक येथे हसेल आणि श्रद्धाळू वाचक मान डोलावील. दोघांनीही थोडे थांबावे. मार्को पोलोने या मंत्राची एक अट नोंदविली आहे: तो फक्त दिवसापुरता चाले. रात्र पडताच मांत्रिक तो सोडून देई, म्हणजे रात्री चोरून मोती काढण्याचे धाडस कोणी करू नये. आता या अटीचा परिणाम पाहा. दृष्टी चालत नाही अशा वेळी कोणी पाण्यात उतरत नसे. इंग्रजी काळात तोफेच्या इशाऱ्यावर सूर्योदयानंतर काम सुरू होई आणि दुपारी बंद होई. शेकडो होड्या एकत्र असत. प्रत्येक पाणबुड्याचा दोर धरून वर एक माणूस सावध बसलेला असे. दिवसाचा प्रकाश, माणसांची सोबत, गलबला आणि दोर धरणारा हात ही चार रक्षणे मंत्राच्या छत्राखाली गोळा झाली होती. मंत्राने मोरीचे तोंड बांधले की नाही, हा वाद मी घालीत नाही. त्याने माणसाला मात्र नियमाने बांधले, हे उघड आहे. शिवाय त्याने पाणबुड्याचे मन शांत ठेवले, आणि पाण्याखाली शांत मन हे मोठे शस्त्र आहे.

हा प्रकार पूर्वेकडच्या भोळेपणाचा आहे असे कोणी समजू नये. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलाने आपल्या खलाशांना व वैमानिकांना शार्क पळवून लावणारी एक वडी दिली होती. तांब्याचा एक क्षार आणि काळा रंग यांचे ते मिश्रण पाण्यात विरघळून पसरे. पुढील चाचण्यांत ते भरवशाचे ठरले नाही. तथापि ते जवळ असल्याने माणसाला धीर येई, म्हणून ते बरीच वर्षे चालू राहिले. प्रयोगशाळेत तयार झालेला तो कडल-कट्टीच म्हणावयाचा! त्याच युद्धात ३० जुलै १९४५ रोजी ‘इंडियानापोलिस’ ही अमेरिकन युद्धनौका जपानी पाणबुडीने बुडविली. जहाजावरील सुमारे १२०० जणांपैकी ३०० च्या आसपास जहाजाबरोबर गेले. उरलेले चार दिवस उघड्या समुद्रात तरंगत राहिले आणि शेवटी ३१६ हाती लागले. तहान, ऊन, जखमा आणि शार्क या सर्वांनी मिळून बाकीच्यांचा बळी घेतला. वाचलेल्यांनी सांगितले की, घोळक्यापासून दूर गेलेल्यांवर शार्क आधी जात. मन्नारच्या पाणबुड्यांनी जे नियमात बसविले होते, तेच या खलाशांनी भयंकर किंमत देऊन शिकले.

आपल्या गोमंतकात या मर्यादेचे रूप आणखी निराळे आहे. फोंडा महालातील दुर्भाट, बोरी या भागांत पौष महिन्यात खाजनाच्या बांधावर चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात. मानगें थापणी असे त्या विधीचे नाव. नदीतल्या मगरीने माणसाला, गुराला उपद्रव देऊ नये आणि बांध राखला जावा, ही त्यामागची भावना. मगर येथे शत्रू म्हणून येत नाही. पाण्याची धनीण म्हणून ती येते. वरुणाचे आणि गंगेचे वाहन मकर, देवालयाच्या तोरणावर मकर, अभिषेकाचे पाणी बाहेर जाते त्या प्रणालाच्या मुखाशीही मकर. ज्याचे भय वाटते त्याला आपल्या पूर्वजांनी देवळाच्या भिंतीवर मानाची जागा दिली. पेडण्याच्या केरी-हरमलकडील गाबीत समाज आणि एकंदर किनाऱ्यावरचे दर्यावर्दी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून मगच होडी लोटतात. पावसाळ्यात पाणी गढूळ, लाटा बेफाम आणि मासा अंड्यावर असतो; त्या काळात दर्याची वाट बंद. आज सरकारी आज्ञेने १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. पूर्वी हेच काम एका नारळाने होत असे.

येथे मला वाचकांपुढे एक गोष्ट स्पष्टपणे मांडावीशी वाटते. या सर्व विधींना दोन अंगे होती: एक पूजेचे आणि दुसरे मर्यादेचे. आपण पूजा ठेवली आणि मर्यादा सोडली. नारळ अर्पण होतो, पण गढूळ पाण्यात, कातरवेळी, एकट्याने उतरण्याची चाल वाढली आहे. मंत्र सोडवून घेण्याची वेळ झाली हे सांगणारा मांत्रिक आता काठावर नाही. ‘देव तारी त्याला कोण मारी’ हे खरेच. पण गजेंद्राने हाक मारली ती आपले सारे बळ लावून झाल्यावर, हेही भागवतातच आहे.

म्हणून जुन्या मर्यादेला आजच्या ज्ञानाची जोड द्यावी. नदीत शिरणारी शार्क बहुधा इंग्रजीत बुल शार्क म्हणतात ती असते. तिच्या शरीराला गोडे पाणी सोसते. गंगेत, अमेझॉनमध्ये, निकाराग्वाच्या सरोवरात ती आढळली आहे. हुगळीत स्नानास उतरलेल्या यात्रेकरूंना झालेले दंश पूर्वी गंगेतील शार्क या दुर्मिळ जातीच्या माथी मारले जात. त्यांतील बरेच या बुल शार्कचे असावेत, असे अभ्यासकांना वाटते. नदीमुखाचे गढूळ पाणी तिला आवडते. तेथे तिला दिसते कमी, म्हणून ती चाचपून पाहते, आणि तिचे चाचपणे म्हणजे चावणे. यावरून पथ्ये आपोआप ठरतात. पहाटे अंधारात व तिन्हीसांजेला खाडीत किंवा नदीमुखाशी उतरू नये. पावसाने पाणी गढूळ झाले असता, रापण ओढली जात असता, मासे साफ केलेले पाणी जेथे सोडतात तेथे, स्नान करू नये. अंगावर वाहती जखम असेल तर काठावरूनच तांब्याने पाणी घ्यावे. स्त्रियांनी चकाकणारे दागिने उतरवून ठेवावेत, कारण पाण्यात त्यांची चमक माशाच्या खवल्यासारखी दिसते. आणि एकट्याने कधीही उतरू नये. एकाने तरी काठावर राहावे.

इतके करूनही प्रसंग ओढवलाच तर? मोरी दिसली आणि अजून दूर आहे, तर पाणी बदडू नये. त्या धडपडीत तिला घायाळ माशाची चाहूल लागते. तिच्याकडे पाठ करू नये, दृष्टी तिच्यावरच ठेवून संथपणे काठाकडे सरकावे. सोबती असतील तर पाठीला पाठ लावावी. हातात काठी, वल्हे, टोपली, जे काही असेल ते तिच्या आणि आपल्या मध्ये धरावे. तिने धरलेच, तर मेल्यासारखे पडून राहू नये. तिच्या शरीरात नाजूक जागा दोन: डोळे आणि कल्ले. तेथे पुन्हापुन्हा, जितक्या जोराने साधेल तितक्या जोराने मारावे, बोटे खुपसावीत. नाकाडावरचा फटकाही तिला झोंबतो, पण हात तिच्या तोंडाजवळ जातो हे ध्यानात ठेवावे. नुसते हिसके देऊन अंग ओढल्यास मांस अधिक फाटते. म्हणून आधी तिची पकड सुटेल असा मारा करावा. सुटका होताच काठ गाठावा. लिन्सखोटेनच्या खलाशाप्रमाणे जखम चाचपण्यास थांबू नये.

यानंतरचे काम सोबत्यांचे. १७४९ साली क्यूबातील हवाना बंदरात ब्रूक वॉटसन नावाच्या चौदा वर्षांच्या पोराला शार्कने धरले. दोन वेळा तिने हल्ला केला. तिसऱ्यांदा येत असता नावेतल्या सोबत्यांनी आकडीच्या काठीने तिला हाकलून त्याला वर ओढले. गुडघ्याखालचा पाय गेला, पण पोर जगले आणि १७९६ मध्ये लंडनचे महापौर झाले. त्या प्रसंगाचे कॉपली या चित्रकाराने १७७८ मध्ये काढलेले चित्र जगप्रसिद्ध आहे. त्यात शार्क आहे, पोर आहे, पण चित्राचा मोठा भाग व्यापला आहे तो नावेतल्या माणसांनी, आणि ते योग्यच आहे.

शार्कच्या दंशाने माणूस दगावतो तो मुख्यतः रक्तस्रावाने. सुश्रुताने सूत्रस्थानात रक्त थांबविण्याचे चार उपाय सांगितले आहेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. म्हणजे जखमेची तोंडे जुळविणे, थंडाव्याने रक्त गोठविणे, राखेसारख्या द्रव्याने ते सुकविणे आणि शेवटी डाग देणे. आजच्या घटकेला राख आणि डाग यांच्या वाटेस जाऊ नये. पण आधी रक्त थांबवा, हा त्या आचार्याचा क्रम आजही अबाधित आहे. स्वच्छ धोतर, उपरणे, पंचा, जे मिळेल ते जखमेवर घट्ट दाबून धरावे, आणि दाब काढून मध्येच पाहू नये. हातापायातून रक्त उसळतच असेल तर जखमेच्या वर चार बोटांवर, सांधा टाळून, रुंद पट्टी बांधावी आणि तीत काठी घालून रक्त थांबेपर्यंत पीळ द्यावा. बांधल्याची वेळ लक्षात ठेवावी आणि ती पट्टी डॉक्टरांवाचून कोणी सैल करू नये. रोग्यास आडवे निजवून पांघरूण घालावे, १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. समुद्रकिनाऱ्यावर असाल तर तेथील जीवरक्षकास हाक मारावी. देवस्थानच्या स्नानाच्या दिवशी नदीकाठी एक दोर, एक लांब काठी आणि पट्ट्यांची एक पेटी ठेवणे कोणत्याही समितीला जड जाऊ नये. वर्षातून एकदा गावच्या पोरांना ही पट्टी बांधण्यास शिकविले, तर तेही एक पुण्यकर्मच होय.

आता भयाचे माप. साऱ्या जगात, माणसाने न डिवचता शार्कने चावा घेतल्याचे प्रकार वर्षाला सरासरी ६० ते ७० होतात, आणि त्यांत ५-६ माणसे दगावतात. १९५८ पासून अशा घटनांची पद्धतशीर नोंद ठेवली जात आहे. उलट माणूस दरवर्षी जितक्या शार्क मारतो, त्यांची संख्या ८ ते १० कोटींच्या घरात असल्याचा अंदाज आहे. वैर कोण करीत आहे, हे या आकड्यांवरून कळावे. आपल्या किनाऱ्यावर मोरीने मरणाऱ्यांपेक्षा भरती-ओहोटीच्या ओढीने बुडून मरणारे कितीतरी अधिक आहेत. मगरीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र आहे. २००१ मध्ये माणसाला निरुपद्रवी असणाऱ्या प्रचंड व्हेल शार्कलाही ते मिळाले. एका दंशाचा सूड म्हणून दिसेल ती मोरी मारणे हे आत्मरक्षण नव्हे. धरलेला पाय सोडविण्यासाठी कल्ल्यावर मारलेला ठोसा धर्म्य आहे. सुटून काठावर आल्यावर तो संपला.

नार्व्याच्या काठी उभे राहिले की या पाण्याने काय काय पाहिले, याचा विचार मनात येतो. आपले देव घेऊन आपली माणसे हेच पाणी ओलांडून गेली. पाण्यात काय आहे हे ती जाणत होती, म्हणून ओहोटी-भरतीची वेळ पाहून, सोबत घेऊन, तोंडात नामस्मरण ठेवून ती उतरली असतील. पुढल्या पर्वणीला आपण काठावर जाऊ तेव्हा नाम तर घ्यावेच, पण पाण्याचा रंगही पाहावा, आणि आपल्या मागे काठावर कोण उभे आहे तेही एकदा वळून पाहावे.